शनिवारच्या सामन्याचा अंदाज कसा बांधायचा: कॉलेज फुटबॉल नव्याने बघणाऱ्यांसाठी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या कोलंबसला आलेला नवखा माणूस एका गोष्टीने हमखास चक्रावतो. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवर जिथे जिथे इंग्रजी 'एम' हे अक्षर आहे, तिथे तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारलेली असते. इमारतींच्या नावांनाही सूट नाही. 'एम' म्हणजे मिशिगन, आणि शनिवारी मिशिगनशी सामना असतो. हे वैर १८९७ पासूनचं आहे. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत, विभागाच्या ऑफिसात एक कागद फिरतो: कोण जिंकणार, कितीने?

मी मूळचा कोल्हापूरचा. माझ्या लेखी फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, आणि आदल्या रात्री पेठेत रंगणाऱ्या गप्पा. इथला फुटबॉल हाताने खेळतात, चेंडू लांबट असतो आणि खेळ दर काही सेकंदांनी थांबतो. सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. आता दर ऑगस्टमध्ये पुण्याहून, नागपूरहून, नाशिकहून एमएससाठी मुलंमुली येतात आणि सप्टेंबर उजाडला की विचारतात, "दादा, त्या कागदावर काय लिहू?" हा लेख त्यांच्यासाठी आहे.

कोण जिंकणार, एवढंच विचारलं तर प्रश्न अर्धाच राहतो. कितीने जिंकणार आणि त्याची खात्री किती, हे विचारलं की तो पूर्ण होतो. म्हणून आधी आकडा मांडायचा आणि बातम्या, गप्पा, भावना नंतर त्याच्याशेजारी ठेवायच्या. उलट क्रमाने गेलात तर आपल्याला हवं तेच कागदावर उतरतं.

आधी गुणांचं गणित

मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्या संघाकडे, त्याला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात, आणि त्यात जी चाल खेळली जाते तिला प्ले. १० यार्ड झाले की पुन्हा चार डाउन. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण, आणि पाठोपाठ चेंडू लाथेने खांबांमधून मारला की आणखी १. टचडाउन होईनासा वाटला तर दुरूनच खांबांमधून मारायचा, तो फील्ड गोल, ३ गुण. दोन गुणांचेही एक-दोन प्रकार आहेत, ते बघता बघता कळतील.

अंदाजासाठी यातून एवढंच उचला: गुण ३ आणि ७ च्या घासांनी वाढतात, म्हणून निकालातला फरकही बऱ्याचदा ३, ७, १०, १४ असा येतो. सगळ्यात जास्त सामने ३ ने आणि ७ ने सुटतात. '५ ने जिंकू' असं लिहिण्याआधी थोडं थांबा. १९९६ पासून इथे बरोबरीही नाही. जादा वेळ खेळवून निकाल लावतात, तेव्हा तो मार्गही बंद.

पहिली पायरी: क्रमवारी सोडा, ताकदीचा आकडा शोधा

टीव्हीवर संघाच्या नावापुढे छोटा आकडा दिसतो: २, ९, १७. मोसमाच्या पहिल्या दोन महिन्यांत ही बहुधा एपी या वृत्तसंस्थेची क्रमवारी असते. १९३६ पासून ती पत्रकारांच्या मतांवर ठरते. वाचायला मजा येते, पण तिच्यावरून फरक कळत नाही. दुसऱ्या आणि नवव्या संघात कधी एका गुणाचं अंतर असतं, कधी दहाचं. शिवाय संघ हरला की खाली आणि जिंकला की वर, मग तो एका गुणाने जिंकलेला का असेना.

आपल्याला हवं असतं ते ताकदीचं मोजमाप, म्हणजे तटस्थ मैदानावर हा संघ सरासरी संघापेक्षा किती गुणांनी बरा. असे आकडे दर आठवड्याला मिळतात. ईएसपीएनवर बिल कॉनेली यांचं एसपी प्लस नावाचं मापन आहे, त्याच वाहिनीचं एफपीआय आहे. कुठलंही एक धरा, पण मोसमभर तेच धरा. समजा 'अ' संघ सरासरीपेक्षा २२ गुणांनी वर आहे आणि 'ब' ९ गुणांनी. वजाबाकी १३. सामना 'अ'च्या घरी असेल तर त्यात घरच्या मैदानाचे साधारण अडीच गुण मिळवा: साडेपंधरा. ही तुमची पाटी. पुढच्या पायऱ्यांवर तिच्यात दोन-चार गुणांची भर किंवा घट होईल, पण पाटी पुसून नव्याने लिहायची नाही.

घरच्या मैदानाचं लोक फार मनावर घेतात. इथलं स्टेडियम १९२२ सालचं, लाखाहून अधिक माणसं बसतात, आणि तिसऱ्या डाउनला जो आवाज उठतो तो छातीत जाणवतो. पाहुण्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही हे खरं. तरीही आकडा अडीचच्या आसपासच राहतो. टेक्सास आणि ओक्लाहोमा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये डॅलसला खेळतात, तिथे तर प्रेक्षकही निम्मेनिम्मे असतात. अशा वेळी घरचा शून्य.

आणखी एक आकडा सगळीकडे झळकतो, तो सट्टाबाजाराचा स्प्रेड. 'ओहायो स्टेट उणे २०' म्हणजे बाजाराच्या मते ओहायो स्टेट २० गुणांनी वरचढ आहे. हा आकडा माहिती म्हणून जरूर बघा, कारण त्यात हजारो लोकांचा अभ्यास मुरलेला असतो. तुमचा आणि त्याचा फरक सात-आठ गुणांचा असेल तर बहुतेक वेळा तुम्हाला कुठलीतरी दुखापत माहीत नसते.

पैसे मात्र लावू नका, हे मी कळकळीने सांगतो. ओहायोत २०२३ च्या जानेवारीपासून हा सट्टा कायदेशीर आहे आणि फोनवर दोन बोटांत लागतो. पण साधारण नियम असा की १०० मिळवायला ११० लावायचे. म्हणजे १०० पैकी ५२ पेक्षा जास्त वेळा बरोबर आलात तरच जेमतेम बरोबरी. वर्षानुवर्षं यातच मुरलेल्यांनाही ते अवघड जातं. शिष्यवृत्तीच्या किंवा घरून आलेल्या पैशांवर हा प्रयोग नको. विभागातला कागद आहे, त्यावर नाव लागलं की पुरे.

सप्टेंबरमध्ये अंदाज बांधणाऱ्याने जास्त सांभाळून राहावं. तेव्हाचे आकडे बरेचसे मागच्या वर्षावर उभे असतात आणि संघ मात्र बदललेला असतो. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल आलं. २०२१ मध्ये खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून वर्ष न गमावता खेळायची मुभा मिळाली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याला नावलौकिकावर पैसे कमावता येऊ लागले. त्यानंतर दर हिवाळ्यात निम्मा संघ इकडचा तिकडे होऊ शकतो. फ्लोरिडा स्टेट २०२३ मध्ये कॉन्फरन्सच्या, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाच्या, अंतिम सामन्यापर्यंत १३-० होती (तेरा विजय, हार शून्य). पुढच्या वर्षी २-१०. इंडियाना २०२३ मध्ये ३-९. मग कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले, आपल्याबरोबर तिथले बरेच खेळाडू घेऊन आले, आणि २०२४ मध्ये संघाने ११ सामने जिंकले. म्हणून पहिल्या तीन-चार आठवड्यांत तीन गोष्टी विचारा: क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चाल चालवणारा गडी) तोच आहे का, प्रशिक्षक तोच आहे का, मागच्या वर्षी मैदानावर असलेल्यांपैकी किती जण परत आलेत. आकड्याला ऑक्टोबरपर्यंत पूर्ण विश्वास देऊ नका.

दुसरी पायरी: निकाल बाजूला ठेवून प्ले वाचा

संघ २४-१० ने जिंकला, एवढ्यावरून तो कसा खेळला हे कळत नाही. चेंडू लांबट आहे. तो हातातून निसटला की कुठे उसळेल याचा नेम नसतो, आणि असा सुटलेला चेंडू कोणाला मिळेल हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं. अशी एक अदलाबदल चार-पाच गुणांची ठरते. मागच्या सामन्यात कोणी असे तीन चेंडू उचलून जिंकलं असेल तर पुढच्या शनिवारी ते तीन पुन्हा मिळतील असं धरू नका. विजयातून तेवढे गुण मनातल्या मनात वजा करा.

त्यापेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे यशस्वी प्लेंचं प्रमाण. हे तुम्हाला घरी बसून मोजता येतं आणि मी प्रत्येक नवख्याला एकदा तरी मोजायला लावतो. मागच्या आठवड्यातला सामना लावा, वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ ओढा. पहिल्या डाउनला हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले की बरोबरची खूण. दुसऱ्या डाउनला उरलेल्यांपैकी सत्तर टक्के मिळायला हवेत. तिसऱ्या आणि चौथ्याला पूर्ण. नाहीतर फुली. उदाहरणार्थ, पहिल्या डाउनला १० हवेत, ४ मिळाले: फुली. आता ६ उरले, पाच मिळाले: खूण. एक उरला, दोन मिळाले: खूण. एका संघाचे साठ-सत्तर प्ले होतात. शंभरात चाळीसच्या जरा वर खुणा म्हणजे सर्वसाधारण संघ. पंचेचाळीसच्या पुढे गेला तर चांगला. पन्नासला टेकला तर समोरचा बचाव चिरडला गेलाय असं समजा.

एक काळजी घ्या. चारपैकी तिसऱ्या सत्रात ३५-० झालं की पुढचं मोजू नका. तेव्हा राखीव मुलं खेळत असतात.

हे मोजताना आणखी एक दिसतं: संघ विरुद्ध टोकाला पोचून काय करतो. समोरच्या रेषेपासून वीस यार्डांच्या आत चार वेळा पोचला आणि चारदा फील्ड गोल मारून १२ गुण घेऊन आला, की चार टचडाउन करून २८? यार्ड दोघांचे सारखेच दिसतील. फरक १६ गुणांचा आहे.

तिसरी पायरी: चेंडूवरून नजर काढा

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि तुम्हीही घालवावा असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक प्ले सुरू होताना चेंडूच्या अलीकडे पाच दांडगे गडी वाकून उभे असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, कडेला टॅकल. यांची नावं कोणी जर्सीवर मिरवत नाही. पण ही फळी मागे रेटली गेली तर क्वार्टरबॅक कितीही देखणा असो, त्याला फेकायला दोन सेकंद मिळत नाहीत आणि धावणाऱ्याला फट मिळत नाही.

पहिले दहा प्ले चेंडूकडे बघूच नका. सेंटर आणि दोन गार्ड यांच्या हेल्मेटांवर डोळे ठेवा. चेंडू सुटल्यापासून दोन सेकंदांनी ती हेल्मेटं सुरुवातीच्या रेषेच्या पुढे आहेत की मागे? दहापैकी सात वेळा मागे असतील तर त्या संघाचा आकडा कमी करा, मग समालोचक काहीही म्हणोत.

३० नोव्हेंबर २०२४ चा सामना घेऊ, कारण ज्यांनी तो कोलंबसमध्ये पाहिला त्यांना तो विसरता येणार नाही. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, १०-१. मिशिगन ६-५, पहिल्या पंचविसातही नाही. मिशिगनचे दोन उत्तम खेळाडू, बचावातला विल जॉन्सन आणि टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि फेकही झेलणारा) कोल्स्टन लव्हलँड, खेळणारच नव्हते. बाजार सुमारे २० म्हणत होता. मी वहीत १७ लिहिले होते आणि तीन गुण कमी केल्याबद्दल स्वतःला सावध समजत होतो.

निकाल: मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. शेवटची ४५ सेकंद उरलेली असताना मिशिगनच्या डॉमिनिक झवाडाने जवळून फील्ड गोल मारला.

रात्री वही उघडून बसलो तेव्हा दिसलं की कारण आठवडाभर समोरच होतं. ओहायो स्टेटचा डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरात ओरेगनविरुद्ध जायबंदी झाला होता. त्याच्या जागी गार्ड डोनोव्हन जॅक्सनला सरकवलं होतं. मग नोव्हेंबरात सेंटर सेथ मॅकलॉफ्लिनच्या टाचेची शीर तुटली, तेव्हा आणखी एकाची जागा बदलली. म्हणजे पाच जणांची फळी, त्यात दोन खांब गेलेले आणि उरलेल्यांची अदलाबदल. समोर मिशिगनच्या बचावाच्या मधोमध मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, पुढच्या वसंतात व्यावसायिक संघांच्या निवडीत पाचव्या आणि तेराव्या क्रमांकावर गेलेले दोन पहाड. ओहायो स्टेटची सगळ्यात दुबळी जागा आणि मिशिगनची सगळ्यात भक्कम जागा नेमकी एकमेकांसमोर होती. इंडियानाविरुद्ध हीच फळी आठवडाभरापूर्वी व्यवस्थित निभावली होती, म्हणून मी ती बाजू तपासलीच नाही. २६ वेळा धावून ओहायो स्टेटला ७७ यार्ड मिळाले. मिशिगनने हवेतून फक्त ६२ यार्ड केले, पण धावून १७२ केले, आणि तेवढ्यात सामना काढला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक सामन्याआधी दोन्ही फळ्यांचे पाच-पाच आणि समोरच्या बचावातले मधले दोन-तीन, अशी नावं कागदावर समोरासमोर लिहितो. कोण नवा आहे, कोण जागा बदलून आलाय, ते गोल करतो. एका बाजूला दोन गोल शेजारीशेजारी आले आणि समोर दणकट माणूस असला, तर पाटीवरच्या आकड्यातून तीन-चार गुण काढतो. त्या शनिवारी हे केलं असतं तरी मी मिशिगनचं नाव लिहिलं नसतं. १३ लिहिले असते, आणि 'खात्री' या रकान्यात नव्वदऐवजी ऐंशीच्या आसपास. योग्य अंदाज तेवढाच असता.

चौथी पायरी: शनिवारी सकाळी यादी बघा

दुखापतींच्या बाबतीत पूर्वी प्रशिक्षक काहीच सांगत नसत. आता ओहायो स्टेट ज्यात खेळते ती बिग टेन कॉन्फरन्स २०२३ पासून सामन्याच्या किमान दोन तास आधी उपलब्ध खेळाडूंची यादी जाहीर करते, एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्सनेही २०२४ पासून सुरुवात केली. दुपारी बाराचा सामना असेल तर सकाळी दहाला ती उघडा, कागद त्यानंतर भरा.

क्वार्टरबॅक नसेल तर मी राखीव मुलगा कसा आहे यावरून चार ते सात गुण कमी करतो. बाकी एकटादुकटा खेळाडू, मग तो कितीही गाजलेला असो, सहसा एका गुणापलीकडे जात नाही. एकाच फळीतले दोन-तीन गेले तर मात्र हिशोब वर सांगितल्यासारखा.

डिसेंबरअखेरच्या बोल सामन्यांना (मोसम संपल्यावरच्या खास सामन्यांना) ही पायरी सगळ्यात वरची. ज्यांना व्यावसायिक संघात जायचंय ते दुखापतीच्या भीतीने खेळत नाहीत, काही जण दुसऱ्या विद्यापीठात गेलेले असतात. २०२३ चा तोच अपराजित फ्लोरिडा स्टेट ३० डिसेंबरला ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियासमोर उतरला तेव्हा नाव आणि जर्सी तीच होती, माणसं नव्हती. ६३-३.

पाचवी पायरी: आठवडा कसला आहे

परिस्थितीचे गुण असतात, पण थोडे. प्रत्येकाला एक, फार तर दीड. मागच्या आठवड्यात विश्रांती होती का? पश्चिम किनाऱ्यावरचा संघ इकडे येऊन दुपारी बारा वाजता खेळतोय का? त्यांच्या शरीराला तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात, आणि २०२४ मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आल्यापासून हे वारंवार होतं. पावसाची लोक फार काळजी करतात, मी वाऱ्याची करतो. ताशी वीस मैलांच्या पुढचा वारा असला की लांब फेक आणि फील्ड गोल दोन्ही बिघडतात, दोघांचेही गुण कमी होतात.

मोठ्या सामन्यानंतरचा आठवडाही तपासा. अलाबामाने २८ सप्टेंबर २०२४ ला जॉर्जियाला ४१-३४ असं हरवलं, देशात पहिला क्रमांक मिळवला, आणि पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्टकडून ४०-३५ ने हरले. व्हँडरबिल्टच्या गावच्या, नॅशव्हिलच्या पोरांनी गोलपोस्ट उपटून रस्त्यांवरून मिरवत नेले आणि कंबरलँड नदीत टाकले. 'अलाबामाचं डोकं ठिकाणावर नव्हतं' असं सगळे म्हणाले. असेलही. पण मला त्यात दुसरीच गोष्ट शिकण्यासारखी वाटते: ६० मिनिटांपैकी तब्बल ४२ मिनिटं चेंडू व्हँडरबिल्टकडे होता. बलवान संघाला दहा-बारा वेळा चेंडू मिळाला तर त्याचं बळ हळूहळू गुणफलकावर उमटतं. सात-आठ वेळाच मिळाला तर एखादी चूक भारी पडते. म्हणून दुबळा संघ सावकाश खेळणारा असेल, घड्याळ खात एकेक यार्ड सरकणारा असेल, तर फरक थोडा आवळा आणि खात्री कमी करा. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी अकादम्यांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने मोठ्यांना घाम फोडत आले आहेत.

आता कागद भरा

समजा पाटी साडेपंधरा होती. फळीपायी तीन गेले, विश्रांतीचा एक मिळाला, उरले साडेतेरा. जवळचा नेहमीचा फरक १४. आता गुण हवेत. दोन्ही संघ मिळून किती करतील याचा आकडा आधी ठरवा. दोघांच्या आधीच्या सामन्यांतल्या एकूण गुणांवरून तो ४८ निघतोय असं धरू. ४८ मध्ये १४ मिळवून निम्मे करा: ३१. उरले १७. '३१-१७' लिहा. चार टचडाउन आणि एक फील्ड गोल विरुद्ध दोन टचडाउन आणि एक फील्ड गोल, म्हणजे घडू शकेल असा निकाल. गणितातून २९-१९ सारखं काही आलं तर ते जवळच्या ३१-२० किंवा २८-१७ कडे सरकवा.

खात्रीसाठी हे ढोबळ कोष्टक डोक्यात ठेवा. अंदाज ३ गुणांचा असेल तर वरचढ संघ शंभरात सत्तावन्न-अठ्ठावन्न वेळा जिंकतो. ७ असेल तर साधारण तीनात दोनदा. १४ असेल तर ऐंशीच्या वर. २० ला नव्वदच्या जवळ. नव्वदलाही दहात एकदा उलटं होतंच, आणि दर शनिवारी पन्नासएक सामने असतात.

काही कागदांवर दहा सामने देऊन १० ते १ अशी वजनं वाटायला सांगतात. नवखे आपल्या विद्यापीठाला १० देतात. तसं करू नका. १० त्या सामन्याला द्या जिथे तुमचा आकडा सगळ्यात मोठा आहे, मग ते दोन संघ तुम्ही नकाशावर शोधले नसले तरी चालेल. आपल्या संघावर प्रेम स्टेडियममध्ये करायचं. तिथे मनसोक्त करा, घसा बसेपर्यंत ओरडा.

रविवारचं काम

सामन्याआधी वहीत लिहिलेलं असेल तरच रविवारी काही शिकता येतं. चार रकाने पुरतात: माझा आकडा, बाजाराचा आकडा, खात्री, प्रत्यक्ष फरक. बाजूला एक ओळ, का चुकलं त्याची. महिनाभरानंतर एक बेरीज करा: जिथे ऐंशी टक्के लिहिलं होतं, ते सामने दहात आठ लागले का? नऊ लागले असतील तर तुम्ही भित्रे, सहा लागले असतील तर फाजील धीट. ही तपासणी निव्वळ 'किती बरोबर आले' यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

आणि एका सामन्यावरून संघाची पाटी उलटीपालटी करू नका. दर आठवड्याला एक-दोन गुणांपेक्षा जास्त हलवायची नाही. ३० नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी हे पाळणं मला जड गेलं. मिशिगनकडून सलग चौथी हार. हाय स्ट्रीटवर शुकशुकाट होता, आमच्या विभागात सोमवारी कोणी कोणाशी बोलेना, प्रशिक्षकाला काढा म्हणून लोक पेटले होते. वहीत मात्र मी ओहायो स्टेटचे दीडच गुण कमी केले, कारण आकडे तेवढंच म्हणत होते: दोन फील्ड गोल हुकले, दोन फेकी समोरच्यांनी झेलल्या, मधली फळी दबली. यातली पहिली दोन पुन्हा तशीच होतील असं नव्हतं. तिसरीवर उपाय होता, मधून धावायचं सोडून फेक झेलणाऱ्या जेरेमाया स्मिथकडे चेंडू फेकायचा.

२१ डिसेंबरच्या गोठवणाऱ्या रात्री टेनेसी इथे आले. बारा संघांच्या पहिल्या प्लेऑफची, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद सामन्यांची, ती पहिली फेरी होती. स्टेडियममध्ये टेनेसीच्या नारिंगी कपड्यांचे हजारो लोक दिसत होते, कारण आपल्यातल्या कित्येकांनी तिकिटं विकून टाकली होती. ओहायो स्टेट ४२, टेनेसी १७. स्मिथचे दोन टचडाउन. मग ज्या ओरेगनने ऑक्टोबरात ३२-३१ ने हरवलं होतं त्याला ४१-२१, टेक्सासला २८-१४, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात अंतिम सामन्यात नोत्र दामला ३४-२३. तो नोत्र दामही सप्टेंबरात चार टचडाउनांनी वरचढ मानला जात असताना घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६-१४ ने हरला होता. त्या वर्षातले दोन सगळ्यात धक्कादायक पराभव सोसलेले संघच शेवटी एकमेकांसमोर उभे होते.

कागद शुक्रवारी संध्याकाळी येतो. तोवर गुरुवारी दोन्ही संघांचे ताकदीचे आकडे काढून वजाबाकी करून ठेवा, शुक्रवारी फळीची नावं समोरासमोर मांडा, शनिवारी सकाळी दहाला यादी बघून अंतिम आकडा पेनाने लिहा. पेन्सिल वापरू नका.